शांतिपर्वातला मनू आणि हॉब्जचा राजा : याला सामाजिक करार म्हणायचं का?

सदाशंकित:

महाभारतातलं शांतिपर्व सावकाश वाचतो आहे. ६७व्या अध्यायाशी येऊन अडकलो. भीष्म युधिष्ठिराला सांगतात ते थोडक्यात असं: पूर्वी राजा नव्हता. पाण्यात मोठे मासे लहानांना खातात तशी माणसं एकमेकांना खात होती. मग लोक जमले आणि त्यांनी आपसांत ठराव केले. जो वाचाळ, दंडेली करणारा, परस्त्रीला हात लावणारा, दुसऱ्याचं लुबाडणारा, त्याला आपण टाकायचं. ठराव झाले, पण ते पाळून घेणारा कोणी नव्हता. म्हणून सगळे ब्रह्मदेवाकडे गेले: आम्हाला राजा दे. ब्रह्मदेवाने मनूला सांगितलं. मनू म्हणाला, नको रे बाबा. राज्य करणं म्हणजे क्रूर कर्म, त्यात माणसं सदा खोटं वागणारी, मला पापाची भीती वाटते. तेव्हा लोकांनी बोली केली. पाप ज्याचं त्याला लागेल. तुला जनावरांचा आणि सोन्याचा पन्नासावा हिस्सा, धान्याचा दहावा, शिवाय आमच्या पुण्याचा चौथा भाग. मग मनू तयार झाला.

इंग्लिश तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ साली 'लेव्हायथन'मध्ये लिहिलं की राजसत्ता नसेल तर माणसाचं जगणं एकाकी, दरिद्री, ओंगळ, रानटी आणि अल्पायुषी असतं. त्यात आणि यात फरक काय? सामाजिक करार, म्हणजे लोकांनी आपसांत ठरवून राजसत्ता उभी केली हा विचार, म्हटलं की राज्यशास्त्राच्या पुस्तकांत हॉब्ज, लॉक, रूसो ही तीन नावं येतात, भीष्मांचं येत नाही. पुस्तकं आंधळी आहेत की मलाच दोरीत साप दिसतोय?

बखरबहाद्दर:

साप खराच आहे आणि आपल्याच बिळातला आहे. ऐतरेय ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ काढून बघा. असुरांचा सारखा मार खाल्ल्यावर देव म्हणतात, आपल्याला राजा नाही म्हणून आपण हरतो, आणि सोमाला राजा करतात. गरज ओळखून, सगळ्यांनी मिळून नेमलेला राजा! इतिहासकार काशीप्रसाद जयस्वालांनी १९२४ साली 'हिंदू पॉलिटी'त राज्याभिषेकाच्या शपथेवर केवढं लिहून ठेवलंय. साहेब म्हणत होता, तुम्हाला जुलमी राजांपलीकडे काही ठाऊकच नाही. त्याला ते उत्तर होतं.

नुसताच वाचक:

कोपऱ्यात जागा धरून बसतो. चालू द्या.

तळटीप:

जयस्वाल वाचताना ते साल डोळ्यांआड करू नका. स्वराज्य मागणाऱ्या पिढीला पूर्वजांकडे लोकसभा सापडणं साहजिक होतं. असो, मूळ मुद्दा.

सदाशंकित, तुम्ही सांगितलेल्या गोष्टीत दोन व्यवहार आहेत. पहिला लोकांचा लोकांशी, तो फसतो. दुसरा लोकांचा मनूशी. हॉब्जकडे फक्त पहिला आहे. माणसं आपसांत ठरवतात की आपण सगळे आपला अधिकार अमक्याच्या हाती देऊ. तो अमका कशालाच बांधलेला नाही, कारण त्याने कोणाला वचन दिलेलंच नाही. त्यामुळे हॉब्जचा राजा करार मोडूच शकत नाही. मनूने मात्र मोबदला ठरवून काम पत्करलंय.

तरी एका जागी भीष्म अगदी हॉब्जच्या शेजारी जाऊन बसतात, आणि ती जागा फारसं कोणी दाखवत नाही. त्याच अध्यायात म्हटलंय की अराजकात पापी माणसालाही स्वास्थ्य नसतं. एकाचं दोघे हिसकावतात, दोघांचं पुष्कळ जण. माशांच्या उपमेत मोठा मासा सुखी असतो. ही ओळ त्याच्या पुढे जाते. हॉब्ज हेच म्हणतो: सगळ्यात दुबळा माणूसही कपटाने किंवा इतरांशी संगनमत करून सगळ्यात बलवानाला मारू शकतो, म्हणून बलवानालाही राजा हवा असतो.

पण लगेच वाटा फुटतात. हॉब्जच्या मते राजसत्ता येण्यापूर्वी न्याय-अन्याय असं काही नसतंच. भीष्मांच्या लोकांना काय वाईट ते आधीपासून माहीत आहे, ठरावातच ते आलंय. ५९व्या अध्यायात तर सुरुवातीला राज्य, राजा, दंड यांपैकी काहीच नाही आणि तरी लोक धर्माने एकमेकांना सांभाळून आहेत. पुढे मोह आणि लोभ शिरतो आणि घडी विसकटते. राजा येतो तो आधीच्या नियमांची राखण करायला. रूसोच्या लोकांना एकत्र बसून कायदा करायचा असतो. इथे कायदा कोणी करायचा हा प्रश्नच कोणाला पडत नाही, कारण ब्रह्मदेवाने एक लाख अध्यायांचं शास्त्र रचून हातात ठेवलंय.

दगडोबा:

एक लाख अध्याय? मग अराजक काय वाईट होतं!

वकीलसाहिबा:

धंद्याच्या सवयीने करार म्हटला की मी आधी बघते पक्ष कोण, मोबदला काय आणि मोडला तर भरपाई काय. मनूची वाटाघाट मला फार आवडली. कामाला हात लावण्याआधी त्याने जबाबदारीतून सूट लिहून घेतली. असं अशील मिळालं तर फी न घेता काम करीन.

आता भरपाई. ती परलोकावर सोडून दिली होती असा समज असेल तर गौतम धर्मसूत्र बघा. चोरीचा माल राजाने मिळवून मालकाला परत द्यावा, आणि नाही मिळाला तर खजिन्यातून भरून द्यावा. कौटिल्यही हेच सांगतो. कर घेतलास, राखण केली नाहीस, तर पैसे टाक. याज्ञवल्क्य स्मृती म्हणते की राखण न झालेली प्रजा जे पाप करील त्यातलं अर्धं राजाच्या माथी, आणि तिथल्या तिथे कारण देते: कारण तो कर घेतो. हे 'कारण' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कर हा मेहनताना आहे, काम नाही तर मेहनताना पचणार नाही. लॉकने १६८९ मध्ये मालमत्तेच्या रक्षणावर अख्खं सरकार उभं केलं, पण चोरी झाली तर सरकारने किंमत मोजावी इतक्या बारकाव्यात तो उतरत नाही.

शांतिपर्वातच ५७व्या अध्यायात ती यादी आहे. समुद्रात फुटकी नाव सोडावी तशा सहा जणांना सोडावं: न शिकवणारा आचार्य, न शिकलेला ऋत्विज (यज्ञ करणारा पुरोहित), रक्षण न करणारा राजा, अप्रिय बोलणारी बायको, गावात रमणारा गुराखी आणि रानात रमणारा न्हावी.

दगडोबा:

रानात रमणाऱ्या न्हाव्याने कोणाचं काय घोडं मारलं?

रानफूल:

जुलमी राजा आणि कडू बोलणारी बायको एका पंगतीला. नवऱ्याला कधी सोडावं याची यादी आहे का कुठे, वकीलसाहिबा?

दगडोबा:

आहे ना. बायकांना ती तोंडपाठ असते म्हणून लिहायची वेळ आली नाही.

कोरा कागद:

इतका वेळ कोणी कौटिल्याचं अर्थशास्त्र काढलं नाही याचं नवल वाटतंय. पहिलं अधिकरण, तेरावा अध्याय. 'मात्स्यन्यायाभिभूताः प्रजा मनुं वैवस्वतं राजानं चक्रिरे'. म्हणजे मात्स्यन्यायाने, मोठ्या माशाने लहानाला खावं त्या रीतीने, गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केलं. परीक्षेच्या नोट्समध्ये हे वाक्य 'कौटिल्याचा करार सिद्धांत' या मथळ्याखाली हमखास असतं. नोट्स काढणाऱ्यांनी आजूबाजूच्या चार ओळी वाचलेल्या नसतात. हे वाक्य कौटिल्य स्वतःचं मत म्हणून मांडतच नाही. तो ते हेरांच्या तोंडी घालतो.

प्रसंग असा. राजाचे हेर तीर्थांवर, सभांमध्ये, जिथे माणसं जमतात तिथे जाऊन मुद्दाम आपसांत वाद उकरतात. एक म्हणतो, 'हा राजा मोठा गुणी म्हणतात, पण आम्हाला तर गुण काही दिसत नाही, दंड आणि करांनी लोकांना पिळतोय.' ऐकणारे माना डोलवायला लागले की दुसरा त्यांना अडवतो. लोकांनीच मनूला राजा केलं, त्यांनीच धान्याचा सहावा आणि मालाचा दहावा हिस्सा ठरवून दिला, त्या बळावर राजे प्रजेचा योगक्षेम चालवतात. अरण्यात वेचलेल्या दाण्यांवर जगणारे तपस्वीसुद्धा त्यातला सहावा भाग देतात, कारण तो राखणदाराचा वाटा आहे. आणि शेवटी ठेवणीतला फटका: राजे म्हणजे इंद्र आणि यम, त्यांचा अवमान करणाऱ्याला दैवी दंडही होतो. हेतू कौटिल्याने लपवलेला नाही. असं बोलून हलक्या लोकांची तोंडं बंद करायची. शिवाय गावात काय कुजबुज आहे ती हेरांनी काढून आणायची.

म्हणजे आपण ज्याला प्रजेच्या संमतीचा सिद्धांत म्हणून मिरवतो तो अर्थशास्त्रात गुप्तहेर खात्याच्या प्रकरणात सापडतो. युरोपात करार हे राजाला प्रश्न विचारायचं हत्यार झालं, इथे प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचं. मानलं पाहिजे म्हाताऱ्याला, निदान तोंडावर सांगतो तरी.

दगडोबा:

शांतिपर्वात धान्याचा दहावा, अर्थशास्त्रात सहावा. करार तोच, दर सुधारित.

बखरबहाद्दर:

कोरा कागद, माहिती चांगली दिलीत पण निष्कर्ष उलटा काढलात. लोकांना जी गोष्ट मान्यच नाही ती सांगून हेर कोणाचं तोंड बंद करणार? ऐकणाऱ्याला ती आधीपासून पटलेली होती म्हणूनच ती वापरता आली. आणि 'युरोपात हत्यार' म्हणताना हॉब्जला विसरलात. त्यानेही करार सांगितला तो लोकांनी गप्प बसावं म्हणूनच. इंग्लंडात यादवी झाली होती, राजाचं डोकं उडालं होतं, आणि हा पुस्तकभर सांगत होता की आता पुरे.

दुसरं, हे नुसतं पोथीत राहिलं नाही. गिरनारचा शक राजा रुद्रदामनाचा लेख घ्या, इ.स. १५०च्या सुमाराचा. त्यात म्हटलंय की सर्व वर्णांनी येऊन रक्षणासाठी याला स्वामी म्हणून वरलं. त्याच लेखात सुदर्शन तलावाचा बांध प्रजेवर कर, वेठ किंवा जबरी देणग्यांचा बोजा न टाकता स्वतःच्या खजिन्यातून बांधल्याचंही सांगितलंय. आणि बंगालच्या धर्मपालाचा खालिमपूर ताम्रपट: त्याचा बाप गोपाल याला मात्स्यन्याय संपवण्यासाठी राजलक्ष्मीचा हात धरायला लावला गेला. आठव्या शतकात! रूसोचं पुस्तक १७६२ चं.

तळटीप:

हेरांबद्दलचा मुद्दा मान्य, तो चांगला आहे. रुद्रदामन मात्र जपून वापरा. ज्या लेखात सर्व वर्णांनी वरल्याचं आहे त्याच लेखात 'महाक्षत्रप' ही पदवी त्याने स्वतःच्या बळावर मिळवली असंही आहे. प्रजेनेही निवडलं आणि मीही कमावलं, दोन्ही. शिलालेख राजाच्या पैशाने कोरला जातो, तेव्हा त्यात तक्रार सापडायची नाही.

नुसताच वाचक:

निवडणुकीच्या जाहीरनाम्यांवर हा विषय कधी येतो याची वाट बघतोय.

रानफूल:

मघाशी गंमत केली, आता गंभीरपणे. 'लोकांनी करार केला' यातले लोक कोण, हे कोणी विचारणार आहे का?

५९व्या अध्यायातली वेनाची गोष्ट पूर्ण सांगते. वेन राजा अधर्माने वागला म्हणून ऋषींनी मंत्रवलेल्या कुशांनी त्याला मारलं. मग त्याची मांडी घुसळली. त्यातून एक ठेंगणा, जळक्या खांबासारखा, लाल डोळ्यांचा माणूस निघाला. ऋषी त्याला म्हणाले, खाली बस. त्याच्यापासून डोंगरात, रानात राहणारे निषाद झाले. नंतर उजवा हात घुसळला, त्यातून पृथू निघाला, सुंदर, शस्त्रं घेतलेला. त्याला राजा केलं. राज्यसंस्थेच्या आरंभकथेतच एकाला सिंहासन आणि एकाला रान.

पृथूने शपथ घेतली, जयस्वालांना आवडणारी ती हीच. पण ती घ्यायला लावली देवांनी आणि महर्षींनी. त्यात धर्माप्रमाणे वागेन, मन मानेल तसं करणार नाही हे आहे, आणि द्विजांना दंड करणार नाही, जगाला वर्णसंकरापासून, म्हणजे वर्णांच्या सरमिसळीपासून, वाचवीन हेही आहे. संकर रोखणं हे ज्या कराराचं कलम आहे त्यात ज्यांच्यामुळे संकर होतो असं मानलं जायचं ती माणसं कोणत्या बाजूला सही करत होती? ६७व्या अध्यायाच्या काही पाठांत मनूला द्यायच्या गोष्टींत धान्य, सोनं, जनावरं यांच्यासोबत रूपवान कन्याही आहे. म्हणजे बायका मोबदल्यात.

हे फक्त आपल्याकडेच असं म्हणत नाही. राज्यशास्त्रज्ञ कॅरोल पेटमनने १९८८ मध्ये दाखवलं की हॉब्ज-लॉक-रूसो यांच्या कराराखाली बाईवरच्या पुरुषी हुकमतीचा आणखी एक करार गाडलेला आहे, आणि तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्सने १९९७ मध्ये तेच गोऱ्या-काळ्यांबद्दल केलं. तेव्हा 'आमचा आधी की तुमचा आधी' या भांडणात मला रस नाही. दोन्हीकडे सही करायला दारात कोणाला उभं केलं नव्हतं, ते सांगा.

संपादक:

यानंतरचे वैयक्तिक शेरे असलेले प्रतिसाद काढले आहेत. विषयावर बोला.

दगडोबा:

माझा प्रतिसाद न्हाव्याच्या बाजूने होता, तोही उडाला. अराजक परवडलं.

सदाशंकित:

इतका मजकूर येईल असं वाटलं नव्हतं. रानफूल, ५९वा अध्याय परत वाचला, शपथेतली ती कलमं पहिल्या वाचनात नजरेखालून गेली होती, अडखळलो नव्हतो.

आता माझी शंका बदलली आहे. लॉक लिहीत होता तेव्हा त्याच्यासमोर रॉबर्ट फिल्मर होता. राजाला अधिकार आदमपासून वारसाहक्काने, देवाकडून मिळालाय, असं सांगणारा. लॉकचा पहिला प्रबंध त्याला खोडण्यातच जातो. म्हणजे युरोपात देवाने दिलेला राजा आणि लोकांनी केलेला राजा यांतलं एकच खरं असू शकत होतं. शांतिपर्वात मात्र ५९व्यात विष्णूने राजवंश सुरू केला, ६७व्यात लोकांनी वाटाघाट केली, दोन्ही भीष्मच सांगतात, आणि युधिष्ठिर 'आजोबा, यातलं खरं कुठलं?' असं विचारत नाही. कौटिल्याचा हेरही एका दमात करार आणि इंद्र-यम दोन्ही सांगतो. ही विसंगती कोणाला टोचली का नाही?

तळटीप:

टोचायला विरोधक लागतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजा बालक असला तरी माणूस समजून त्याचा अवमान करू नये, कारण मनुष्यरूपात ती मोठी देवता उभी आहे. त्याच ग्रंथाच्या आठव्यात रक्षण न करणाऱ्या राजाला प्रजेच्या पापाचा सहावा भाग. देवता असून पापाची वाटेकरी! आपल्याकडे देवही शाप भोगतात, त्यामुळे राजा दैवी म्हटल्याने तो सुटला असं होत नाही.

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचंही नाव घेऊन ठेवतो. १७४८ साली त्याने लॉकच्या मूक संमतीची खिल्ली उडवली. झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाला 'तू इथे राहतोस म्हणजे कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे' असं म्हणण्यासारखं आहे, उतरायचं तर समुद्रात उडी. कौटिल्याच्या हेराने तपस्व्यांचे वेचलेले दाणे पुढे केले ती हीच मूक संमती. त्या हेराला उलटा प्रश्न विचारायला तिथे ह्यूम नव्हता, आणि असता तर त्याचं नाव टिपून घेतलं असतं.

वकीलसाहिबा:

माझ्या मते खरा फरक शोधायचा तर एकच प्रश्न पुरे: करार मोडला हे ठरवणार कोण? हॉब्जकडे कोणीच नाही. तो फक्त एवढं म्हणतो की राजा रक्षण करू शकतो तोवरच आज्ञापालन बंधनकारक. लॉक स्पष्ट म्हणतो की लोक ठरवतील, आणि पृथ्वीवर निवाडा करणारा नसेल तर आकाशाकडे दाद मागतील, म्हणजे साध्या भाषेत हत्यार उचलतील. वेनाच्या वेळी ऋषींनी ठरवलं आणि ऋषींनीच अंमल केला. प्रजेला कोणी विचारलं नाही. आपल्याकडे कर्तव्यं रेलचेल आहेत, ती मागायची जागा मला सापडत नाही.

बखरबहाद्दर:

अनुशासनपर्व उघडा. 'मी तुमचं रक्षण करीन' असं म्हणून जो राजा रक्षण करत नाही त्याला प्रजेने एकजुटीने पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारावं. 'श्वेव सोन्माद आतुरः'. इथे ऋषी नाहीत, प्रजाच आहे. आधी वचन, मग वचनभंग, मग शिक्षा. आणखी काय हवं?

कोरा कागद:

वचन देऊन मोडणं हे तिथे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण कर देणं आणि राजाला ठार मारणं यांच्या मध्ये एकही पायरी नाही. कौटिल्य हे जाणतो. प्रजा खंगली की लोभी होते, लोभी झाली की विटते, विटली की शत्रूला मिळते किंवा धन्याला मारते, असं त्याने सातव्या अधिकरणात सांगितलंय. तो हक्क देत नाही, वेधशाळेसारखा अंदाज देतो.

नुसताच वाचक:

इतके दिवस गप्प होतो, आता एक सांगतो. मागायची जागा महाभारतातच आहे, आदिपर्वात. इंद्रप्रस्थात एका ब्राह्मणाच्या गायी चोर पळवतात. तो वाड्यासमोर येऊन ओरडतो: सहावा हिस्सा घेऊन रक्षण न करणारा राजा साऱ्या लोकांत पापी म्हणतात. अर्जुनाची शस्त्रं ज्या खोलीत आहेत तिथे युधिष्ठिर आणि द्रौपदी एकांतात. आत जाणं म्हणजे भावाभावांचा ठराव मोडणं आणि बारा वर्षं वनवास. अर्जुन आत जातो, गायी सोडवतो, वनवासाला निघतो. युधिष्ठिर 'माझी हरकत नाही' म्हणतो तरी निघतो. प्रजेशी असलेला करार पाळायला घरातला करार मोडला आणि त्याचा दंडही भरला.

वकीलसाहिबा:

हे मस्त. दाद मागायची जागा म्हणजे वाड्याचं दार आणि खणखणीत आवाज.

रानफूल:

आणि दारात उभा होता ब्राह्मण, हे लक्षात असू द्या. याच आदिपर्वाच्या शेवटी याच अर्जुनाने कृष्णाबरोबर खांडववन जाळलं, आतल्या जीवांसकट. बाहेर पळणाऱ्यांना बाणांनी परत आत ढकललं. त्यांनी कोणत्या दारात ओरडायचं होतं?

बखरबहाद्दर:

खांडवातले नाग आणि पशुपक्षी पांडवांची प्रजा नव्हती. त्यांनी कर दिला नव्हता, त्यांना रक्षणाचं वचनही नव्हतं. करार लागूच होत नाही.

रानफूल:

मी दुसरं काय म्हणतेय?